इंदूरचे मराठी वर्ग आणि व्हिडिओ: आधी चित्र की आधी आवाज? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

रंगपंचमी: मराठीच्या तासाला व्हिडिओ हवाच, पण ३ मिनिटांच्या आतला आणि मुलांच्या ओळखीच्या विषयाचा. आपली रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक घ्या. राजवाड्यापुढची गर्दी मुलांनी पाहिलेली असते, त्यामुळे व्हिडिओत काय गाळलंय ते त्यांना सांगता येतं. आधी आवाज बंद ठेवा, प्रत्येकाकडून निवेदनाची ३ वाक्यं लिहून घ्या. मग मूळ निवेदन ऐकवून विचारा: कॅमेरा कुठे होता? कोणाला बोलू दिलं, कोणाला नाही? ‘लाखो लोक’ हे मोजून की अंदाजानं? शिवाय हिंदी बातमीत हीच तिथी चैत्र कृष्ण पंचमी, आपल्या मराठी पंचांगात फाल्गुन वद्य पंचमी. दोन्ही बरोबर, तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. एवढं मुलांकडूनच काढून घेता येतं.

खडूफळा: मला हे पटत नाही. चित्रानंच अर्थ कळला की शब्दावाचून अडत नाही. आवाज बंद केलात तर मुलं हिंदीत विचार करून ‘लोक नाचून राहिले आहेत’ असंच लिहिणार. खरी अडचण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची आहे. हिंदीत दोन्हीला ‘हम’, म्हणून बोलणारा आपल्याला धरून बोलतोय की वगळून, हे मुलांना कळत नाही. ते मोठ्यानं वाचताना, जागच्या जागी थांबवून शिकवावं लागतं. ४० मिनिटांच्या तासात प्रोजेक्टर जुळवण्यातच १० जातात.

कानसेन: मग क्रम फिरवा. पडदा झाकून ४० सेकंदांचा तुकडा दोनदा ऐकवा, कानावर पडलेले शब्द लिहू द्या, नंतर चित्र. हिंदीप्रमाणे ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न असं समजून बसलेलं मूल चित्र पाहताच अडखळतं, आणि तिथेच शिकवायची संधी असते. व्हिडिओखाली आपोआप उमटणाऱ्या निवेदनाच्या ओळी मात्र नकोत. त्यांत ‘ळ’चा ‘ल’ होतो, शब्द भलतीकडे तुटतात. निवेदन आदल्या दिवशी स्वतः कागदावर उतरवून काढा, व्हिडिओची फाइलही तेव्हाच डाउनलोड करून ठेवा.

रंगपंचमी: शब्दांसाठी हे मान्य. पण निवेदन आधी ऐकलं की मुलं निवेदकाच्याच नजरेनं बघतात. गेरीसारख्या विषयाला चित्रच आधी हवं. आणि खडूफळा, निवेदक ‘आपलं इंदूर’ म्हणतो की ‘आमचं इंदूर’, हाही वर्गात विचारायचाच प्रश्न आहे.

खडूफळा: तो प्रश्न उतरवलेल्या कागदावरही विचारता येतो. कागद आधी द्या, दोनदा वाचून घ्या. वेळ उरला तर व्हिडिओ लावा.