विषय: ट्रिस्टन दा कुन्हा

ट्रिस्टन दा कुन्हा या दक्षिण अटलांटिकमधल्या ब्रिटिश बेटाबद्दल ‘तिथली माणसं ब्रिटनच्या पैशावर बसून खात असणार’ असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. बेटाची मुख्य कमाई शेवंडांची (लॉब्स्टर). समुद्र शांत असला की पहाटेच गावात जुना गॅस सिलिंडर बडवतात. तो ऐकला की होड्या निघतात. माल तिथल्याच कारखान्यात गोठवून केपटाउनला जातो, बोटीने साधारण आठवडाभर. विमानतळ नाहीच. टपाल तिकिटांचंही उत्पन्न आहे, पण त्याचं कौतुक जरा जास्तच होतं.

वस्ती अडीचशेच्या आत, आडनावं मोजकीच. जमीन सामाईक, बाहेरच्याला विकत मिळत नाही. सरकारी नोकरी असली तरी बटाट्याचं शेत सुटत नाही. चराऊ रान उजाड होऊ नये म्हणून कुणी किती गुरं पाळायची तेही ठरलेलं. (आपल्याकडे गायरानाबाबत असं ठरवून बघा!)

१९६१मध्ये ज्वालामुखी उसळला तेव्हा सगळ्यांना इंग्लंडला हलवलं होतं. तिथे नोकऱ्या होत्या, घरं होती. तरी १९६३मध्ये बहुतेक जण परतले. फुकट खाणारे कशाला परततील?