बाबांच्या फोनची बॅटरी बदलू, की नवा ५जी घेऊ?

केळीपट्टा

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली, सध्या जळगावला शिकते. बाबांकडे २०२१ मध्ये घेतलेला ४जी फोन आहे. स्क्रीन स्वच्छ, आवाज खणखणीत, पण बॅटरी दुपारच्या पुढे जात नाही. सकाळी शंभर टक्के करून बाबा मळ्यात जातात आणि बारा-एकला फोन बंद. व्यापारी फोन लावतो, केळी कापणारी माणसं फोन लावतात, लागत नाही. मागच्या आठवड्यात गाडी भरायची वेळ अचानक बदलली, तेव्हा निरोप द्यायला शेजारच्या काकांना मोटारसायकलवर पाठवावं लागलं.

गावातला दुकानदार म्हणतो, या मॉडेलची बॅटरी आता मिळत नाही, ४जीचे दिवस संपले, हप्त्यावर ५जी घेऊन टाका. बाबांचा वापर म्हणजे फोन, व्हॉट्सॲप, केळीचे भाव, हवामान आणि थोडंफार यूपीआय. माझ्याकडे स्कॉलरशिपचे आणि साठवलेले मिळून बारा हजार आहेत. ते चुकीच्या जागी जायला नकोत.

अजून एक. विहिरीच्या मोटारीला सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर आहे, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करता येते. गावात सगळे म्हणतात २जी बंद होणार, मग स्टार्टरही बंद. हे खरं आहे का?

पांझराकाठ (धुळे)

राम राम ताई. मन्हा मते नवाच ली टाका. चार वर्षांपेक्षा जुन्या फोनला आज बॅटरी लागते, उद्या चार्जिंग जॅक, परवा डिस्प्ले. पैसे झिरपत राहतात.

आणि थांबलात तर महाग पडेल. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि स्टोरेजच्या चिपचे भाव चढले आहेत. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत जास्त नफा असल्याने त्यांनी कारखाने तिकडे वळवले. फोनवाल्यांच्या वाट्याला कमी माल येतो, तोही चढ्या भावाने. त्याचा फटका स्वस्त फोनला सगळ्यात आधी बसतो. जुना एक्सचेंजला देऊन मोकळे व्हा.

हीटगन_भुसावळ

ताई, माझं भुसावळला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बटणाच्या नोकियापासून हे काम करतोय. गिऱ्हाईक निम्मं रेल्वेचं, निम्मं यावल-रावेरकडचं शेतकरी. तुमच्या बाबांसारखे फोन माझ्या टेबलावर रोज येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

धुळेकर भाऊंनी मेमरीच्या भावाबद्दल लिहिलं ते अगदी बरोबर आहे. पण माझ्या मते त्यातून उलटाच निष्कर्ष निघतो. चिप महाग झाली आणि कंपनीला डब्यावरची किंमत बारा हजारांतच ठेवायची असेल, तर ती दुसरीकडे कात्री लावणार. चार जीबी रॅम द्यायची आणि वर 'व्हर्च्युअल रॅम'चं स्टिकर लावायचं. ती रॅम नसतेच, स्टोरेजचाच एक तुकडा रॅमच्या कामाला लावलेला असतो आणि तो खऱ्या रॅमच्या मानाने फार सावकाश चालतो. मागे तीन कॅमेरे दिसतात, त्यातला कामाचा एकच. आज बारा हजारांत मिळणारा नवा फोन तुमच्या बाबांच्या फोनपेक्षा फार सरस असेल असं मला वाटत नाही. त्यात फक्त बॅटरी ताजी असेल. आणि ताजी बॅटरी माझ्याकडे हजार-बाराशेत बसते.

बॅटरी हा झिजणारा भाग आहे. ट्रॅक्टरचं टायर झिजलं म्हणून कोणी ट्रॅक्टर विकत नाही. लिथियम-आयन बॅटरीचे साधारण पाचशे ते आठशे पूर्ण चार्ज झाले की तिची ताकद मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरते. रोज एकदा चार्ज करणाऱ्याचा हा दोन वर्षांचा हिशोब आहे. तुमच्या बाबांच्या बॅटरीने त्याच्या दुप्पट काळ काढला, आणि तोही खान्देशात.

खान्देशात हे मुद्दाम म्हणतो. बहुतेक कंपन्या फोन वापरायला जास्तीत जास्त पस्तीस अंश तापमान सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. फोन शर्टाच्या खिशात, किंवा मोटारसायकलच्या टाकीवरच्या कव्हरमध्ये, वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग. उष्णतेने बॅटरीतली रसायनं लवकर खराब होतात, आणि शंभर टक्के भरलेली बॅटरी तापली तर आणखी लवकर. मे महिन्यात माझ्याकडे फुगलेल्या बॅटऱ्यांची रीघ लागते. मागचं झाकण वर आलेलं असतं, स्क्रीनच्या कडेने उजेड झिरपतो, आणि लोक तसाच फोन उशाशी घेऊन झोपतात. फुगलेला फोन चार्जला लावू नका, दाबू नका, बॅटरीला टोचू नका. तिथे आग लागते.

आता दुकानदाराच्या 'बॅटरी मिळत नाही' या वाक्याकडे येतो, कारण मला खरा राग तिथे आहे. पूर्वी नोकियाची बीएल-५सी बॅटरी पानाच्या टपरीवरही मिळायची. नखाने झाकण उघडा, जुनी काढा, नवी टाका. आजही कितीतरी बटणाच्या फोनमध्ये तीच बसते. स्मार्टफोनमध्ये मात्र बॅटरी गोंदाने चिकटवलेली. मागचं पॅनल हीट गनने तापवून, ओपनर फिरवून काढावं लागतं. हात सरावलेला नसेल तर पॅनल तडकतं किंवा फिंगरप्रिंटची पट्टी तुटते. सडपातळ बॉडी आणि पाण्यापासून बचाव ही त्याची कारणं सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे. पण परिणाम असा की माणूस बॅटरीऐवजी फोनच बदलतो. त्यात एकेक कंपनी वर्षाला इतकी मॉडेलं काढते, आणि प्रत्येकाच्या बॅटरीचा आकार आणि कनेक्टर निराळा, की तालुक्याचा दुकानदार सगळ्यांचा माल ठेवूच शकत नाही. तो खोटं बोलत नसेल, त्याच्याकडे नसेलच. पण 'माझ्याकडे नाही' आणि 'मिळत नाही' यात शेतकऱ्याचे बारा हजार जातात.

युरोपने हे कायद्यात धरलं. तिथे २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनची बॅटरी आठशे चार्जनंतरही ऐंशी टक्के टिकली पाहिजे, मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, आणि कोणता फोन किती दुरुस्त करण्याजोगा आहे याचे गुण ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीचा अहवालही २०२५ मध्ये आला. ते गुण डब्यावर छापून आले पाहिजेत, ठळक, किमतीच्या शेजारी. आज डब्यावर मेगापिक्सेल दिसतात. बॅटरी बदलायला किती लागतील हे दिसत नाही. आपल्या भागातल्या माणसाला नेमकं तेच आधी कळायला हवं.

तुमच्यासाठी सल्ला. मॉडेलचं पूर्ण नाव सेटिंगमध्ये बघून जळगावला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथे नसेल तर भुसावळ किंवा जळगावच्या दुरुस्तीवाल्याकडून मागवून घ्या. बॅटरीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. बनवल्याची तारीख वाचा, गोदामात तीन वर्षं पडलेली बॅटरी नवी नसते. आणि समोर बसून बदलून घ्या.

सातपुडा_पायथा (धडगाव)

मी धडगावकडे शिक्षक आहे. ५जीबद्दल एक गोष्ट, कारण आमच्याकडे एका पालकाने गाय विकून फोन घेतला आणि ५जी कधी आलंच नाही.

५जी दोन प्रकारे उभं राहिलं. जिओने स्वतंत्र जाळं उभारलं, त्याला एसए म्हणतात. एअरटेलने सुरुवात आपल्या ४जीच्या आधाराने केली, ते एनएसए. अगदी स्वस्त ५जी फोनांपैकी काही फक्त एसएवर चालतात. रेडमी ए४ ५जी तसाच आहे. त्यात एनएसएचं सिम टाकलं तर फोन ४जीवरच राहतो. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात ५जी. म्हणून आधी घरात कोणाचं सिम आहे ते पाहावं आणि दुकानदाराला एसए-एनएसए दोन्ही आहे का ते विचारावं.

आमच्या डोंगरात तर अजून साध्या कॉलसाठी टेकडीवर चढणारी गावं आहेत. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये ९७ हजारांहून जास्त टॉवरांवर सुरू झाल्याचं जाहीर झालं, टीसीएस, तेजस आणि सी-डॉट या देशी संस्थांनी मिळून केलेलं. त्याची इथे खूप वाट पाहिली जाते. ४जी संपलं असं म्हणणाऱ्या दुकानदाराने एकदा तोरणमाळच्या पुढे येऊन पाहावं. ४जी इथे आत्ता कुठे पोहोचतंय.

केळीपट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. हीटगनदादा, मॉडेल नंबर तुम्हाला निरोपातून पाठवला आहे. दोन शंका. बाबांच्या फोनला २०२३ नंतर अपडेट आलेलं नाही, मग बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं आहे का? आणि स्टार्टरचं राहिलंच.

हीटगन_भुसावळ

मॉडेल पाहिलं. बॅटरी मिळेल, चार-पाच दिवसांत मागवून देतो.

अपडेटची शंका रास्त आहे आणि ती मी हलकी घेणार नाही. व्हॉट्सॲप आणि यूपीआय बाबांच्या फोनवर अजून चालेल. पण सुरक्षेचे पॅच थांबले की फोन हळूहळू उघडा पडतो. म्हणून मोठी रक्कम असलेलं खातं त्या फोनवर ठेवू नका. रोजच्या खर्चापुरतं वेगळं खातं यूपीआयला जोडा. खरा धोका मात्र व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलचा, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणाऱ्या फाइलचा. पीएम किसानच्या नावाने, चलानच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने येतात. उघडली की एसएमएस, ओटीपी सगळं चोराच्या हातात. असं खातं रिकामं झालेली माणसं दुकानात येऊन रडली आहेत. बाबांना शेजारी बसवून अशी फाइल ओळखायला शिकवा, आणि सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकण्याची परवानगी बंद करून द्या. ती अद्ययावत फोनवरही बंदच हवी.

पुढे दीड-दोन वर्षांनी नवा घ्याल तेव्हा किती वर्षं अपडेट देणार ते आधी विचारा. गूगलने पिक्सेल ८ला आणि सॅमसंगने एस२४ला सात वर्षं देऊ केली, पण ते महागडे फोन. स्वस्तातल्या फोनांमध्ये दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत फरक आहे, आणि तो फरक हजार-दोन हजार जास्त मोजण्याजोगा आहे. सेकंडहँड घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासा, चोरीची नोंद होऊन ब्लॉक केलेला असेल तर तिथे कळतं.

आता स्टार्टर. २जी पूर्ण बंद करावं अशी मागणी जिओने २०२४च्या सुरुवातीला ट्रायकडे (दूरसंचार नियामकाकडे) केली होती, आणि त्यांच्याकडे पहिल्यापासून २जी नाहीच. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांचं २जी चालू आहे, बंद करण्याची कोणतीही सरकारी तारीख जाहीर झालेली नाही. त्यामुळे आज घाबरून स्टार्टर फेकू नका. स्टार्टरच्या आतल्या कार्डवर २जी लिहिलंय की ४जी ते वायरमनकडून पाहून घ्या. २जी असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही. नवा बसवायची वेळ आली की ४जीचाच मागा, आता तेही मिळतात. पैशांचं म्हणाल तर ट्रायच्या आदेशानंतर २०२५ पासून डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आले आहेत. स्टार्टरच्या सिमला डेटाचं रिचार्ज मारत असाल तर ते बदला.

उरलेल्या पैशांतून बाबांना एक बटणाचा ४जी फोन घेऊन द्या, दीड-दोन हजारांत येतो. मळ्यात तोच न्यायचा, बॅटरी दोन-तीन दिवस चालते, व्यापाऱ्याला तोच नंबर द्यायचा. मोठा फोन घरी सावलीत राहील.

येताना बाबांचा चार्जरही घेऊन या. मळ्यातल्या लाइनचं व्होल्टेज कमी-जास्त होतं, बऱ्याचदा चार्जरच बिघडलेला असतो आणि दोष बॅटरीवर जातो. तो मीटर लावून पाहतो, मगच बॅटरी मागवतो. सोमवारी दुकान बंद असतं.