मदत हवी आहे: सेरेब्रल पाल्सी आणि फिट्स असलेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी निधी कसा उभारावा, कसा वाटावा?

आमचा स्वयंसेवकांचा लहानसा गट आहे. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं. ६ ऑक्टोबरच्या जागतिक सेरेब्रल पाल्सी दिनाच्या निमित्ताने निधी गोळा करायचा आहे. व्हीलचेअरसारख्या वस्तू द्याव्यात की पैसे? आवाहनात काय लिहावं? मुलांचे फोटो टाकावेत का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
वस्तूंपासून सुरुवात नको. व्हीलचेअर मापाची नसेल तर मूल एका बाजूला कलतं, कण्यावर ताण येतो, बसून बसून जखमा होतात. माप थेरपिस्टनेच घ्यायचं: बसल्यावर कमरेखालची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर, खळगीपासून टाचेपर्यंतची उंची. सीटची खोली खळगीच्या दोन-तीन बोटं अलीकडेच संपली पाहिजे, नाहीतर मूल पुढे घसरत राहतं. पायाचे स्प्लिंटही (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारे आधार) वाढत्या वयात लवकर लहान पडतात, त्यामुळे एकदा दिले की झालं असं होत नाही.

खरी ओढाताण असते ती रोजच्या खर्चाची. फिट्सचं औषध एकाएकी बंद पडलं तर फिट्स उसळतात, कधी कधी थांबतच नाहीत आणि जीवावर बेततं. म्हणून पहिला पैसा औषधात खंड पडू नये यासाठी ठेवा. बोटॉक्सचंही, म्हणजे ताठरलेले स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचंही तसंच. त्याचा परिणाम साधारण ३ महिने टिकतो. त्या काळात फिजिओथेरपीला पैसे नसतील तर इंजेक्शनचा बराचसा फायदा वाया जातो. इंजेक्शनला देणगीदार मिळतो, फिजिओला मिळत नाही, हे फार वाईट आहे.

धागाकर्ता
मग सगळं रोखच द्यावं का?

प्रतिसाद २
नाही. औषधं आणि स्प्लिंटचं बिल परस्पर चुकतं करा. प्रवासाचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे मात्र ठरावीक रकमेत, हातात द्या. मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या आईला बसच्या तिकिटांचे कपटे जपायला लावू नका.

आवाहनात 'अमक्याच्या व्हीलचेअरसाठी' एवढंच लिहिलं की पैसे तिथेच अडकतात. खुर्ची दुसरीकडून मिळाली किंवा रक्कम जास्त जमली, तर प्रत्येक देणगीदाराला विचारत बसावं लागतं. आधीच लिहा: 'रक्कम उरल्यास अशाच दुसऱ्या मुलाच्या उपचारांसाठी वापरली जाईल.' ऑनलाइन देणगीतून शुल्क कापलं जातं, उद्दिष्ट ठरवताना ते धरा. कुणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे घेऊ नका. वेगळं खातं, दोघांच्या सह्या. आणि दर महिन्याला थोडं थोडं देणारे लोक शोधा. औषध दर महिन्याला लागतं.

प्रतिसाद ३
फोटोंबद्दल. फिट येत असतानाचा व्हिडिओ फक्त डॉक्टरांना दाखवण्यासाठी असतो, आवाहनात कधीही नको. रिपोर्ट टाकलाच तर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक झाका. शाळेचा गणवेशही फोटोत दिसू नये, त्यावरून मूल सहज ओळखता येतं. पालकांची संमती लेखी घ्या, पण त्याआधी स्पष्ट सांगा की फोटोला नाही म्हटलं तरी मदत मिळेल. हे सांगितलं नाही तर गरजेपोटी कुणीच नकार देत नाही. मुलालाही विचारा. सेरेब्रल पाल्सीत बोलता न येणाऱ्या कितीतरी मुलांना समोरचं सगळं नीट समजत असतं; 'हो'साठी वर बघ, 'नाही'साठी डोळे मीट, एवढ्या खुणेवरही ती उत्तर देतात. ही खूण प्रत्येक मुलाची वेगळी असते, पालकांकडून आधी समजून घ्या.