कोरेकची ३२ कलमं भरली की गुणात्मक संशोधन चांगलं ठरतं का?

निंबोणी (धागाकर्ती)
मुलाखती आणि गटचर्चांवर आधारलेला लेख तपासायला आला की बरेच समीक्षक २००७ची कोरेक यादी (असं संशोधन लेखात मांडताना काय काय सांगायचं, त्याची ३२ कलमं) पुढ्यात घेऊन बसतात. माझा आक्षेप असा की ही यादी लेखात काय सांगितलंय ते तपासते, काम कसं झालं ते नाही. २२वं कलम संपृक्ततेचं, म्हणजे आणखी मुलाखती घेऊनही नवं काही निघेनासं होण्याचं. 'संपृक्तता साधली' एवढं लिहिलं की झाली टिक. कोणत्या विषयाबाबत, कितव्या मुलाखतीनंतर नवं काही निघेना, हे कोण विचारतं? त्यात '१२ मुलाखती पुरतात' हा आकडा चिकटलाय. तो आला २००६च्या घाना-नायजेरियाच्या अभ्यासातून. तिथे एकूण मुलाखती ६०, सगळ्या बायकांच्या, प्रश्नांचा आराखडा एकच, विषय मर्यादित. म्हणून १२मध्ये भागलं. तेच १२ ऊसतोड कामगार, मुकादम आणि डॉक्टर यांच्यात वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार!

जुनी पाटी
टिक मारून मोकळा होणारा समीक्षक आळशी, त्यात यादीचा काय दोष? १५वं कलम बघा: मुलाखतीच्या वेळी आणखी कोणी हजर होतं का? गर्भनिरोधकांबद्दल सुनेला विचारताय आणि सासू दारात तांदूळ निवडत बसलीये, तर त्या उत्तरांची किंमत काय? यादी नसती तर ही ओळ लेखात आलीच नसती. मुलाखत घेणारी त्याच दवाखान्यातली नर्स असेल तर 'सेवा चांगली आहे' असंच ऐकू येणार. तेही पहिल्याच भागात विचारलेलं आहे.

दुभाषी
तुम्ही दोघंही भाषेवरून पुढे गेलात. कोरेकमध्ये भाषांतराचं कलमच नाही, आणि आपल्याकडच्या इंग्रजी लेखांत घोळ होतो तो तिथेच. बाई म्हणते, "अंगावरून जातं." पांढरं की लाल, हे तिने सांगितलेलं नाही. भाषांतर करणारा 'डिस्चार्ज' लिहितो, कोड (त्या बोलण्याला दिलेलं अर्थाचं लेबल) पडतो 'संसर्ग', आणि रक्तस्रावाची तक्रार असेल तर ती तिथेच बुडते. कोडिंग मराठी ट्रान्स्क्रिप्टवरच (मुलाखत शब्दशः उतरवलेल्या प्रतीवरच) करावं, भाषांतर फक्त छापायच्या उताऱ्यांचं. समीक्षकाने दोन-तीन उताऱ्यांचं मूळ मराठी मागवावं. दहा मिनिटांचं काम आहे.

काप्पावाला
भाषेचा मुद्दा मान्य. पण म्हणूनच दोन कोडर हवेत. दोघांनी एकच ट्रान्स्क्रिप्ट स्वतंत्रपणे कोड करायची आणि काप्पा, म्हणजे दोघांचे कोड कितपत जुळतात याचा आकडा, काढायचा. कमी आला तर कोडची व्याख्या ढिली आहे हे लगेच कळतं.

दुभाषी
दोघांच्याही हातात 'डिस्चार्ज'च असेल तर काप्पा छान येईल हो! चुकीवर एकमत.

निंबोणी
आणि काप्पा सगळीकडे लावायचाच कशाला? कोडबुक (कोडांची व्याख्यांसह यादी) आधी ठरवून पाच जणांची टीम काम करतेय, तिथे ठीक. ब्राउन आणि क्लार्क यांच्या चिंतनशील थीमॅटिक विश्लेषणात (मुलाखतींतली सामाईक सूत्रं, म्हणजे थीम, शोधायच्या पद्धतीत) संशोधकाची नजर हेच साधन, तिथे ते जुळणीचा आकडा मुळात मागतच नाहीत. तरी समीक्षक मागतात, मग लेखक शेवटच्या क्षणी दुसरा कोडर उभा करतात.

जुनी पाटी
हे मात्र खरं. २३व्या कलमाचंही तसंच. ट्रान्स्क्रिप्ट सहभागींना परत दाखवली का? सहभागी निरक्षर असेल तर कागद दाखवून काय होणार? वाचून दाखवायला हवं, तेही शेजारीपाजारी नसताना. पण शेवटचं, ३२वं कलम मी सोडणार नाही: वेगळी प्रकरणं, लहान थीम मांडल्यात का? २० मुलाखतींत एकही बाई उलट बोलली नाही, असं दिसलं की मी कोड न झालेले परिच्छेद मागवते.

निंबोणी
पाठवतात का?

जुनी पाटी
निम्मे पाठवतात. उरलेले 'गोपनीयता' म्हणतात. त्यांच्याकडून नावगाव काढलेला कोड-तक्ता तरी घ्यायचा: ओळीत मुलाखती, स्तंभात कोड. एखादी थीम दोनच मुलाखतींवर उभी असेल तर तिथे उघडी पडते.

काप्पावाला
म्हणजे शेवटी मोजलंतच की!