मुलासाठी पहिली रायफल: पॉइंट १७७ घ्यावी की पॉइंट २२?

भोगावतीकाठ (राधानगरी तालुका)

सर्वांना नमस्कार. आम्ही ऊस आणि भात करणारे शेतकरी आहोत. माझा मुलगा आठवीत असून त्याला तेरावे वर्ष संपत आले आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या मुलाच्या डोक्यात रायफलीशिवाय दुसरे काही नाही. त्यातच माझे वडील त्याला संस्थानकाळातल्या शिकारीच्या, पाळीव चित्त्यांकडून होणाऱ्या काळविटांच्या पारधीच्या, त्यांनी स्वतः लहानपणी ऐकलेल्या गोष्टी रोज रात्री सांगतात. त्यामुळे नेमबाज होणे आणि शिकारी होणे हे त्याला एकच वाटते.

थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, पैसे घालायचेच आहेत तर पॉइंट २२ ची, म्हणजे ०.२२ इंच नळीची एअर रायफल (हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी) घ्यावी, म्हणजे पोराचा सरावही होईल आणि उसात शिरणाऱ्या रानडुकरांचाही बंदोबस्त होईल. माझ्याजवळ २५ हजार रुपये आहेत. कोणत्या मापाची आणि कशा प्रकारची रायफल घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना नेमबाज (कोल्हापूर)

दादा, मुलाला या खेळाची ओढ लागली याचा मनापासून आनंद झाला, परंतु बंधूंची सूचना आधी बाजूला ठेवावी लागेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार बंद केली आहे आणि पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर असले, तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. शिवाय एअर रायफलीचा छर्रा, मग तो पॉइंट २२ चा का असेना, रानडुकराच्या जाड कातडीला आणि चरबीला पुरा पडत नाही. जनावर मरत नाही, जखमी होऊन उसातच दबा धरून बसते आणि दुसऱ्या दिवशी पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाच्या अंगावर येते. पिकाची भरपाई वन विभागाकडून मिळते. त्यासाठी नुकसान दिसताच वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा.

आता मापाविषयी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअर रायफलीच्या नळीचे माप ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे किंवा जिच्या छर्‍याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त आहे, तिला परवाना लागतो. ४.५ मिलिमीटर म्हणजेच पॉइंट १७७, आणि दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत हेच एक माप चालते. म्हणजे कायद्याने आणि खेळाने मिळून आपला प्रश्न आधीच सोडवलेला आहे. स्वप्नील यांचे पदक पन्नास मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभ्याने नेम धरण्याच्या प्रकाराचे) आहे आणि त्यातली रायफल पॉइंट २२ चीच असते हे खरे. मात्र ती बारुदाच्या काडतुसाची, परवान्याची रायफल आहे. तिथपर्यंतचा रस्ता एअर रायफलीवरूनच जातो.

या खेळाची बारीकी मुलाला एकदा कागदावर दाखवा. दहा मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहा गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, पेन्सिलीचे टोक टेकवल्यावर उमटतो तेवढा. बरोबर मधोमध लागलेल्या नेमाला १०.९ गुण मिळतात. तिथे ताकदीचा काही उपयोग नसतो, म्हणून स्पर्धेच्या रायफलीचा छर्रा चपट्या डोक्याचा आणि तुलनेने संथ असतो. कागदाला गोल, स्वच्छ भोक पडावे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. जोराचा आवाज करणारी, ‘पॉवर’च्या जाहिरातीवर विकली जाणारी रायफल या कामाची नाही.

२५ हजारांत देशी बनावटीची स्प्रिंगची रायफल बसेल. मात्र स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला दट्ट्या पुढे सरकून हिसका देतो, त्यामुळे ती आवळून धरली की नेम फिरतो. हात सैल ठेवून, छर्रा सुटल्यानंतरही क्षणभर माशीवरची (नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या खुणेवरची) नजर न हलवण्याची सवय तिच्यावर चांगली लागते. वाल्थर किंवा फाइनवेर्कबाऊसारख्या जर्मन कंपन्यांच्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफली दोन लाखांच्या पुढे जातात. त्यांचा विचार आज मुळीच करू नये.

नेमबाजाची आई (राजारामपुरी)

वरील सर्व मजकुराशी मी सहमत आहे, पण माझे मत आणखी एक पाऊल मागे जाण्याचे आहे: आत्ता रायफल घेऊच नका. दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर किंवा अन्य प्रशिक्षकांकडे मुलाला किमान तीन महिने तिथल्या रायफलीवर सराव करू द्या. आपल्या शहराने तेजस्विनी सावंत यांच्या रूपाने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती दिली आणि राही सरनोबत यांच्या रूपाने २०१८ च्या आशियाई स्पर्धेतली सुवर्णकन्या दिली. इथे शिकवणारी माणसे आहेत, त्यांचा लाभ आधी घ्यावा.

मी हे कळकळीने लिहिते, कारण आम्ही उलट केले. मुलगी बारा वर्षांची असताना एका विक्रेत्याकडून जुनी परदेशी रायफल घेतली. घरी आणल्यावर प्रशिक्षकांनी हवेचा सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख दाखवली, तेव्हा कळले की त्याची दहा वर्षांची मुदत चार महिन्यांत संपत होती आणि त्यानंतर स्पर्धेच्या तपासणीत तो चालणार नव्हता. नवा सिलिंडर घेण्यात आमचे दोन महिन्यांचे घरखर्चाचे पैसे गेले. त्याहून मोठी चूक रायफलीच्या वजनाची होती. उभ्याने नेम धरताना डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकून रायफलीचा भार हाडांनी पेलायचा असतो. हिची रायफल पुढे इतकी जड होती की तोल सांभाळण्यासाठी ती पाठीतून मागे वाकत असे, आणि विसाव्या छर्‍यापर्यंत माशी टार्गेटभर हिंडू लागे. ती काही बोलली नाही. रात्री पाठीला तेल लावताना मला समजले.

म्हणून दुकानात मुलाला सोबत न्या. दस्त्याचे (रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचे) टोक कोपराच्या आतल्या खळगीत टेकवून पाहा. बोटाचे पहिले पेर सहज चापावर आले तर माप बरोबर, पंजा ताणावा लागला तर दस्ता लांब आहे. आणि खर्च धरताना छर्‍यांचा हिशेब विसरू नका. पाचशेचा डबा रोज साठ छर्‍यांच्या सरावाला आठच दिवस पुरतो.

भोगावतीकाठ (राधानगरी तालुका)

आपले दोघांचेही आभार. रविवारी मुलाला घेऊन रेंजवर जाऊन आलो. प्रशिक्षकांनी पहिला तासभर त्याच्या हाती रायफल दिलीच नाही. नळी कायम टार्गेटकडे ठेवणे आणि सांगितल्याशिवाय चापावर बोट न नेणे, एवढेच करून घेतले. बंधूही सोबत होते आणि भरपाईचा अर्ज त्यांनी सोमवारीच दिला. एक शंका राहिली आहे. ओळखीच्या एका घरी देशी रायफल पडून आहे, ती स्वस्तात मिळते, पण आपण सांगितल्याप्रमाणे मोजल्यावर दस्ता बोटभर लांब भरला. सुताराकडून कापून घ्यावा काय?

नेमबाजाची आई (राजारामपुरी)

कापू नका. या वयात मूल वर्षभरात बोटभर वाढते आणि कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. ती रायफल तूर्त त्यांच्याकडेच राहू द्या. दिवाळीनंतर पुन्हा मोजा, तोवर रेंजवरची रायफल आहेच.