आजींना ‘क्रॉनिक पेन’ मराठीत कसं सांगायचं?

रामबागवाली: इंदुरातल्या एका फिजिओथेरपी केंद्रासाठी मराठी पत्रक लिहितेय. इथल्या आज्या बोलतात हिंदी, पण त्यांचं दुखतं मराठीत. मुद्दा असा की तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, तरी मज्जारज्जू आणि मेंदू धोक्याचा इशारा देतच राहतात. मी लिहिलं, ‘जुनाट वेदना मेंदूत तयार होते.’ पहिल्याच आजींनी पत्रक परत केलं: “म्हणजे मी ढोंग करते?” ‘मेंदू’ काढला तर शास्त्र जातं, ठेवला तर आजी जातात. आणि ‘जुनाट’ चालेल का?

सराफ्यातला निशाचर: आजी जातात असं लिहू नका हो! जुनाट असतो खोकला. वैद्य ‘जीर्णज्वर’ म्हणतात, तर ‘जीर्ण वेदना’ म्हणा.

हाडांचा हमाल: फिजिओ आहे म्हणून बोलतो, ‘जीर्ण’ नको. एमआरआयच्या रिपोर्टात ‘झीज’ वाचूनच माणसं निम्मी खचतात. पाठ कधीच न दुखलेल्यांच्या एमआरआयमध्येही मणक्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात, वय वाढेल तशा जास्त.

माई: वेदना ‘विद्’ धातूपासून, म्हणजे जाणणे. जाणीव नाही तर वेदना नाही, हे शब्दातच आहे. बौद्ध ग्रंथांत सुखद वेदनाही असते. आजींना एवढं सांगितलं तरी पुरे.

सराफ्यातला निशाचर: माई, कोणती आजी ‘वेदना’ म्हणते? गुडघा ठणकतो, पाठीत चमक निघते, पोटात कळ येते, दाढ ठसठसते. वेदना कवितेत होतात.

हाडांचा हमाल: हे मात्र खरं. वेदनेचे अभ्यासक मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नावानं अशाच शब्दांची प्रश्नावली केली. दुखणं कसं आहे ते रुग्णानं निवडलेल्या शब्दांवरून जोखायचं. आपल्याकडचे बरेच जण नुसतं ‘दर्द’ म्हणून मोकळे होतात, मग ठणका की चमक ते मी खोदून विचारत बसतो.

जुना इंदुरी: ‘दर्द’ला नावं ठेवू नका, भिया. आमच्याकडे आजीपासून सगळे “पाय दर्द करतोय”च म्हणतात. होळकरांच्या मागोमाग इकडे आलो तेव्हा पुण्याची परवानगी काढली नव्हती.

माई: पुण्याचं राहू द्या. हिंदीतही टीस आहे, कसक आहे. तुम्ही नेमका फारसीतला दर्द उचललात.

हाडांचा हमाल: ताईंच्या प्रश्नाकडे या. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये व्याख्या सुधारली. इजा झालेली असो, होण्याजोगी असो किंवा नुसती झाल्यासारखी वाटो, अनुभव तो अनुभवच. आणि माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचा मान राखावा, हेही तिथे आहे. म्हणून आधी लिहा, ‘तुमचं दुखणं खरं आहे’. मग, ‘नसा हळव्या झाल्यात, दुधानं पोळल्यामुळे ताकही फुंकून पिताहेत’. हळूहळू हालचाल वाढवली की त्यांची भीती कमी होते.

सराफ्यातला निशाचर: हळव्या? आजी म्हणतील, आता रडूबाईही ठरवलंत.

जुना इंदुरी: आमच्या काकांचा पाय शुगरमुळे कापला, तरी अंगठा ठणकायचा. याला म्हणे ‘आभासी वेदना’ म्हणतात. आभासी मीटिंग असते! ठणका खरा होता, आभासी होता तो अंगठा.

रामबागवाली: सुरेख. पण ‘मेंदू’ ठेवू की काढू?

माई: उसण भरली की आमच्या वाड्यात पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाला बोलवत. त्यानं लाथ मारली की पाठ मोकळी. मेंदूचं नाव कुणी काढलं नव्हतं.

हाडांचा हमाल: उसण बहुतेकदा काही दिवसांत आपणच ओसरते, श्रेय लाथेला. पण निव्वळ थोतांडही म्हणणार नाही. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. खोट्या औषधानंही ज्यांना आराम पडला, त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर दुखणं वाढलं. नॅलोक्सोन अफूजन्य औषधांचा असर तोडतं. म्हणजे मेंदू आपली अफू आपणच गाळत होता.

जुना इंदुरी: लाथ नव्हे, पाय लावतात. लाथ गाढव मारतं.

माई: आमच्याकडे मारत. डाव्या पायानं.

जुना इंदुरी: उजव्या.