"लाईट लागलीये का?" असं विचारायचं नाही, तर मग काय विचारायचं?

हेल्पलाईनवाली, पुणे

नमस्कार. मी एका ब्रॉडबँड कंपनीच्या मराठी हेल्पलाईनवर सहा वर्षं काम करते. येत्या सोमवारपासून नऊ नवीन मुलं-मुली येतायत आणि पहिला आठवडा त्यांना मी शिकवणार आहे. त्यासाठी मला तुमच्याकडून शब्द हवेत.

आधी काय झालं ते सांगते. मागच्या पावसाळ्यात कराडजवळच्या एका गावातून आजोबांचा फोन आला. नेट येत नाही म्हणाले. मी नेहमीसारखं विचारलं, "काका, लाईट लागलीये का?"
"लागलीया की."
"लाल नाही ना?"
"लाल कशाला असंल? पांढरी हाय."
आमच्या इंटरनेटच्या डब्याच्या, म्हणजे राउटरच्या, एका मॉडेलला पांढरे दिवे असतात, त्यामुळे मला शंका आली नाही. "एकदा बंद करून परत चालू करा," म्हटलं. खट्-खट् आवाज आला. "लागली परत," म्हणाले.

मी नोंद केली : दिवे व्यवस्थित. अशी नोंद असली की तक्रार लाईन दुरुस्तीकडे जातच नाही, वाय-फायच्या यादीत पडते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचा फोन आला. डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, दिवा पहिल्या दिवसापासून लाल लुकलुकत होता. गटाराच्या खोदकामात वायर तुटली होती. आजोबा मला खोलीतल्या ट्यूबबद्दल सांगत होते. नातीच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख होती म्हणून ती पोरगी भर पावसात एसटीनं कराडला जाऊन अर्ज भरून आली.

आजोबांचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. लाईट गेली, लाईट आली, लाईटबिल भरलं : आपल्या घरात लाईट म्हणजे वीज, नाहीतर ट्यूब. डब्यावरच्या तांदळाएवढ्या ठिपक्याला लाईट म्हणणारी त्या फोनवर मी एकटीच होते.

तेव्हापासून मी वही ठेवलीये. कॅपिटल हा शब्द न कळलेल्या एका मावशींना मी "मोठा ए लिहा" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "अक्षर तेवढंच येतंय गं, मोठं कसं करू?" एका काकांना "रीस्टार्ट करा" सांगितलं, त्यांनी टाचणी घेऊन मागच्या भोकातलं रीसेटचं बटण दाबून धरलं. सगळं सेटिंग पुसलं गेलं आणि माणूस पाठवावा लागला. एकांना "मोबाईल बंद करून चालू करा" सांगितलं, ते त्याच मोबाईलवरून बोलत होते. परत रांगेत थांबून लागले तेव्हा दुसऱ्याच कोणाकडे, आणि सगळी कहाणी पहिल्यापासून.

आमच्याकडे या कॉलना "यूजर एरर", म्हणजे वापरणाऱ्याची चूक, म्हणतात. मला हा शब्द नव्या मुलांच्या तोंडी येऊ द्यायचा नाहीये. तुमच्या घरात, गावात या गोष्टींना काय म्हणतात, ते सांगाल का?

निवृत्त शिक्षिका, नगर

कॅपिटलचं मी सांगते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधीची मराठी शाळेतली पिढी एबीसीडी पाचवीत शिकली, आणि आम्ही त्यांना चार लिप्या शिकवायचो. पहिली लिपी छापील मोठी, दुसरी छापील लहान, तिसरी-चौथी वळणाची. तुमच्या मावशी पन्नाशीच्या पुढच्या असतील तर "पहिल्या लिपीतला ए" म्हणून बघा, लगेच कळेल. मी स्वतः एकाहत्तर वर्षांची आहे, मला अजून तसंच आठवतं.

आणखी एक. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा असं सांगता तेव्हा आम्ही गप्प होतो, कारण इंग्रजीचा उच्चार चुकेल याची लाज वाटते. एकेक अक्षर सांगा म्हणालात तर सांगू.

खांबावरचा, यवतमाळ

ताई, मी फायबरची जोडणी करतो, अकरा वर्षं झाली. लाईट सोडून "लाईन" म्हणायचं ठरवाल तर आमच्याकडे तेही चालणार नाही. इकडे वीज गेली की "लाईन गेली" म्हणतात. "लाईन आहे का?" विचारलं तर माणूस वर पंख्याकडे पाहते आणि हो म्हणते.

मी घरी गेल्यावर लोक त्याला डबा म्हणतात, तुम्हीही डबाच म्हणा. बारीक दिवे म्हणा. आणि रंग नंतर विचारा. आधी म्हणा, डब्याजवळ जाऊन उभे राहा, बोट लावून दिवे मोजा. बोट डब्यावर आलं की ट्यूबचा प्रश्नच मिटला.

अजून एक सांगतो, हे पोरांना नक्की शिकवा. "वायरमध्ये लाईट येत नाही" असं कोणालाच म्हणू नका. एका घरी हेल्पलाईनवरून असंच सांगितलं, त्या भाऊनं हिरवं टोक उपसलं आणि डोळ्यासमोर धरून पाहून राहिला होता उजेड येते का. त्यातला उजेड डोळ्याला दिसतच नाही, पण डोळ्याला इजा करू शकते. "कंपनीकडून सिग्नल पोचत नाही, वायरला हात लावू नका" एवढंच सांगा.

आणि घरात साफसफाई, रंगकाम झालं का ते विचारत जा. दिवाळीआधी कपाट सरकवलं की मागं वायर मुडपते. आत काच असते, कडक वळली की उजेड तिथंच गळते.

आईचा फोन, ठाणे

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. हेल्पलाईनवरून "ओटीपी सांगा" म्हटलं की ती फोन ठेवते आणि तुमच्याकडे नोंद होते, ग्राहक सहकार्य करत नाही. बँक तिला रोज मेसेज करते की ओटीपी कोणालाही सांगू नका. ती तेच पाळते! तुमच्या मुलांनी फोन केला तर आधी सांगावं, "बिलावरच्या नंबरवर तुम्हीच फोन करा, मी तक्रार क्रमांक देतो." एवढ्यानं ती शांतपणे बोलेल.

हेल्पलाईनवाली, पुणे

मनापासून आभार. पहिली लिपी मलाही शाळेत होती, सहा वर्षांत एकदाही सुचली नाही. ओटीपीचं आज साहेबांशी बोलले. आमची तक्रार बंद करायची पद्धतच ओटीपीवर आहे, त्यामुळे ती बदलायला वेळ लागेल. पण "सहकार्य करत नाही" हा शेरा माझ्या बॅचमध्ये कोणी लिहिणार नाही.

रीस्टार्ट हा शब्द मी काढून टाकतेय. त्याऐवजी : "डब्याची पिन जिथे लावलीये, ते भिंतीवरचं बटण बंद करा, वीस आकडे मोजा, परत लावा. डब्याच्या मागच्या भोकाला हात लावू नका." लांब आहे, पण चालेल. आणि मोबाईल बंद करायला सांगण्याआधी घरातला दुसरा नंबर घ्यायचा, म्हणजे परत आम्हीच फोन करू.

खांबावरचे दादा, तुमचं बोट लावून मोजायचं दुपारीच करून पाहिलं. जतच्या एक आजी होत्या. "बारीक दिवे मोजा," म्हटलं. त्या मोठ्यानं मोजत होत्या, "एक, दोन, तीन... आन ह्यो चौथा तांबडा, लुकलुक करतोय."

तक्रार सरळ लाईन दुरुस्तीकडे टाकली. सहा वाजता वायर जोडली गेली.